दोन मीटरवरचा दात

दाताच्या डॉक्टरने फोटोग्राफी शिकू नये असा नियम कुठेही नाही. असता तर आमच्या सोसायटीच्या सचिवांनी तो मला नक्की दाखवला असता, कारण बाकीचे सगळे नियम त्यांनी मला त्या महिन्यात दाखवले होते. तेव्हा झाल्या प्रकाराबद्दल आमच्या इमारतीत जे काही बोललं जातं ते बाजूला ठेवा आणि माझ्याकडून ऐका. मी तिथे होतो. किंबहुना सगळं मीच केलं.

आता मला सांगा, फोटोला लागतं काय? स्थिर हात, चांगला उजेड आणि बारीक जागेवरून न हटणारी नजर. या तिन्ही गोष्टींवर मी आजवर घर चालवलंय. फरक इतकाच की माझ्या दवाखान्यात समोरचा माणूस खुर्चीत आडवा असतो, तोंड उघडं ठेवतो आणि पळून जात नाही. हा फरक किरकोळ आहे असं मला वाटलं होतं.

सुरुवात धाकट्या बहिणीच्या फोनने झाली. ती आणि तिचा नवरा दोघंही इंजिनिअर, आणि दोघंही तेव्हा एका पुलाच्या कामावर, डोंगरात. तिथे शाळा नाही, धड फोन लागत नाही, म्हणून त्यांची मुलगी तेवढे महिने आमच्याकडे होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात. कारण विचारू नका. ती घरात असली की तुम्हाला आपोआप कळतं, आणि नसली की त्याहून जास्त कळतं.

"दादा, तू पाठवतोस त्या फोटोंत मला पोरगी सोडून सगळं दिसतं," बहीण म्हणाली. "परवाच्या फोटोत एक वेणी होती आणि सोफा होता."

"ती थांबत नाही गं."

"थांबत नाही हे मला नको सांगूस, मी तिची आई आहे. बरं, तिचा दात हलतोय म्हणालास ना?"

"वरचा, पुढचा. हलतोय म्हणजे काय, आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. तू परत येशील तोवर तिथे नवा डोकावत असेल. चेहरा एकदम वेगळा दिसायला लागतो मुलांचा," मी माहिती दिली. व्यवसायाच्या ओघात माहिती देताना समोर कोण आहे हे माझ्या लक्षात राहत नाही.

 

"मग तो पडायच्या आत तिचा एक हसरा फोटो पाठव," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळे दात दिसतील असा. मी निघाले तेव्हाचा चेहरा मला एकदा नीट बघायचाय रे."

"हात्तिच्या, एवढंच ना?" मी म्हणालो.

हे 'एवढंच ना' मला फार महागात पडलं. त्याला कारणही मीच. फोनच्या दोन दिवस आधी दात हलतोय हे मला दिसलं, तेव्हा मी जेवता जेवता सहज हात पुढे केला, "आ कर बघू" म्हणालो आणि बोटाने जरासा ढकलून पाहिला. 'अजून दम आहे, नाहीतर आत्ताच काढला असता' असंही बोलून गेलो. इतर घरांत मामा असं गमतीत म्हणतो. आमच्या घरात मामाकडे पक्कड असते. त्या क्षणापासून भिंगरीने माझ्यासमोर तोंड उघडणं बंद केलं. बोलायचं झालं तर ओठांच्या फटीतून बोलायची, हसायचं झालं तर हातांनी तोंड झाकून हसायची, आणि मी फारच जवळ गेलो तर गाल फुगवून नुसतीच बघत राहायची. शिवाय ही खबर तिने इमारतीतल्या यच्चयावत पोरांना दिली. मी जिना उतरायला लागलो की अख्खी पलटण ओठ घट्ट मिटून भिंतीला चिकटायची. एवढा आदर सोसायटीच्या अध्यक्षांनाही कधी मिळाला नाही.

फोनच्या कॅमेऱ्याने मी आणि बायकोने मनापासून प्रयत्न केले. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पळणाऱ्या मुलांची तिला सवय आहे. निष्पन्न झाल्या वेण्या, सोफे आणि फुगलेले गाल. तेव्हा मी ठरवलं की या कामाला खरा कॅमेरा हवा, आणि खरा कॅमेरा घ्यायला दुकानात गेलो.

दुकानदाराने आधी मला नेहमीचे कॅमेरे दाखवले, जे स्वतःच सगळं ओळखतात आणि स्वतःच फोटो काढतात. मी नाक मुरडलं. मग त्याने आतल्या कपाटातून एक लहानसा, जड, काळा कॅमेरा काढला आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, हा डिजिटल आहे, पण जुन्या पद्धतीचा. रेंजफाइंडर. यात फोकस आपल्या हाताने करायचा. बाकीचे कॅमेरे लोकांसाठी असतात, हा जाणकारांसाठी."

जाणकार हा शब्द कानावर पडला की मला पुढचं ऐकू येत नाही. हा आमच्या घराण्यातला आजार आहे. वडिलांनीही याच शब्दापायी एक हार्मोनियम आणली होती.

घरी आल्यावर बायकोने कॅमेरा उलटासुलटा केला. "धावत्या मुलीचा फोटो काढायला तुम्ही असा कॅमेरा आणलात, ज्याला हाताने फोकस करावा लागतो?"

"हा विचार करणाऱ्या माणसाचा कॅमेरा आहे."

"तुमचा विचार होईपर्यंत ती शाळेतून पास होऊन बाहेर पडेल," ती म्हणाली.

तिला मी तो प्रकार समजावून सांगितला, आता तुम्हालाही सांगतो. या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचं नसतं, बाजूच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकीच्या मधोमध फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाभोवतीची कडी फिरवत गेलं की त्या दोन वस्तू एकमेकींजवळ सरकतात. वरचा आणि खालचा जबडा जसे एकमेकांवर चपखल बसतात तशा त्या बसल्या, की फोटो स्पष्ट. मी तर खूशच झालो. जबडे बसवायचं काम मला नवीन नव्हतं.

पहिले दोन दिवस माझी प्रगती बघण्यासारखी होती. टेबलावरचा दिवा, खिडकीतली मांजर, दवाखान्यातले प्लास्टरचे जबडे, सगळ्यांचे फोटो इतके सुरेख आले की एका जबड्याचा फोटो मी मोठा करून दवाखान्यात लावला. मांजर झोपलेली होती हे मान्य. मग मी भिंगरीकडे वळलो. ती दाराशी होती. मी खिडकीतून बघितलं तर दोन भिंगऱ्या दिसल्या. कडी फिरवली, दोघींची एक केली, बटण दाबलं. दाराचा फोटो उत्कृष्ट आला. बिजागरीचे स्क्रूसुद्धा मोजता येत होते. भिंगरी त्या वेळी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा उघडत असल्याचा आवाज येत होता.

त्या आठवड्यात मी आमच्या घरातल्या सगळ्या दारांचे फोटो काढले.

गळ्यात कॅमेरा लटकवून माणूस आवारात उतरला की लोकांना सल्ले सुचतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मुलांना ओळीत उभं करा, उंचीप्रमाणे. मग एकाला पुढे बोलवा. आमच्या शाळेत तेहेतीस वर्षं असेच फोटो निघाले, एकही पोर हललं नाही." मी विचारलं, हसली का? ते म्हणाले, "हसायचा प्रश्नच नव्हता."

तळमजल्यावरच्या काकूंना आम्ही आकाशवाणी म्हणतो. त्यांनी दाराच्या फटीतूनच निदान केलं, "डॉक्टर, पोरांना काहीतरी खाऊ द्या की. चॉकलेटं द्या. धावत येतील तुमच्याकडे आणि तोंडंही उघडतील."

आता सांगा, मी चॉकलेटं वाटू? ज्याच्या दवाखान्यात 'गोड खाल तर रडाल' अशी पाटी आहे, आणि ती पाटी ज्याने स्वतः सुचवली आहे, त्याने? पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी पाव एका बाजूच्या दाढेने चावताना दिसली. मी काहीही न विचारता समजलो की दात आणखी ढिला झालाय. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी लांबच्या गल्लीतल्या, मला न ओळखणाऱ्या दुकानातून चॉकलेटं आणली आणि संध्याकाळी आवारात खिशातून हळूच बाहेर काढली.

पोरं आली, नाही असं नाही. ओठ मिटून आली, हात पुढे करून चॉकलेट घेतलं आणि चार पावलं मागे जाऊन, माझ्याकडे पाठ फिरवून खाल्लं. माझ्याकडे आजही त्या संध्याकाळच्या पाठी आहेत. फोकस बरा आहे. तास उलटायच्या आत तिसऱ्या मजल्यावरचे बँक मॅनेजर मुलाचा हात धरून माझ्या दारात उभे राहिले. ते अतिशय सभ्य गृहस्थ आहेत, त्यामुळे जास्त लागलं.

"डॉक्टर, राग मानू नका," ते म्हणाले, "पण दवाखाना सध्या जरा थंड चाललाय का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायको आतून ऐकत होती. तिने नंतर नुसता चहा पुढे ठेवला, आणि चहात साखर घातली नव्हती.

पण माणसाने खचून जाऊ नये. मी कॅमेऱ्याबरोबरचं माहितीपुस्तक शांतपणे वाचायला घेतलं आणि त्यात मला गुरुकिल्ली सापडली. पळणाऱ्याच्या मागे कडी फिरवत बसायचंच नाही. कडी आधीच एका ठरावीक अंतरावर लावून ठेवायची, समजा दोन मीटर, आणि दबा धरून बसायचं. पोर पळत पळत दोन मीटरवर आलं की बटण दाबायचं. फोकस तयारच असतो. मला पटलं. म्हणजे आपण पोरामागे धावायचं नाही, पोराला आपल्या अंतरात येऊ द्यायचं. माझ्या वयाला आणि पोटाला हे शोभणारं होतं.

अडचण एकच. दोन मीटर म्हणजे किती हे मला नजरेने कळेना. बायको म्हणाली, "सराव करा." मी दवाखान्यात सराव सुरू केला. खुर्चीतल्या बाईंकडे एकटक बघत मी दोन पावलं मागे गेलो, डोळा बारीक केला, पुन्हा अर्धं पाऊल पुढे आलो. त्या बाई ताडकन उठून बसल्या. "डॉक्टर, एवढं काय दिसलं तुम्हाला?" त्यांना मी कितीही सांगितलं तरी त्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा मी सरळ मार्ग धरला. आवारातल्या बाकापासून टेपने बरोबर दोन मीटर मोजले आणि तिथे खडूने एक लांब, पांढरी, देखणी रेघ मारली. बेत असा की मी बाकावर बसणार, पोरं खेळताना रेघेवरून जाणार, भिंगरीही जाणार, आणि खेळाच्या नादात कधीतरी तोंड उघडणारच.

संध्याकाळी मी कडी दोन मीटरवर लावून बसलो. पोरं आली, रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि गोल करून कुजबुजली. त्यानंतर आवाराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात अतिशय जोशात पकडापकडी सुरू झाली. रेघेजवळ आलं की प्रत्येक जण करकचून थांबायचा आणि मागे वळायचा. शेवटी मी बँक मॅनेजरांच्या मुलाला लांबूनच विचारलं, "काय रे, इकडे का येत नाही?"

"रेघेच्या पलीकडे तुमचा दवाखाना आहे," तो ओठांच्या फटीतून म्हणाला. "भिंगरीने सांगितलं."

इकडे रेघेचा वेगळाच अर्थ लावणारेही निघाले. सकाळी बघतो तो आकाशवाणी काकूंच्या जावयाची गाडी रेघेला नाक लावून उभी, आणि तिच्या मागे मुख्याध्यापकांची स्कूटर. जावई म्हणत होते रेघेपासून पुढची जागा पाहुण्यांची, मुख्याध्यापक म्हणत होते रेघेपासून मागची जागा ज्येष्ठांची. रेघ कुणी मारली याची चौकशी झाली. माझ्या हाताला खडू होताच. दुपारपर्यंत सचिवांची नोटीस आली, 'सामायिक जागेत अनधिकृत रेघ'.

मी सचिवांकडे गेलो. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, पण ते कचेरीला माहीत आहे, त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांनी मला अर्ज करायला लावला. रेघेची लांबी, रंग, टिकण्याची मुदत आणि उद्देश. उद्देशापुढे मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'भाचीचे हसणे'.

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "असा उद्देश नियमावलीत बसत नाही. वाहनतळ, दुरुस्ती आणि बागकाम, यांतला एक निवडा."

वाहनतळ म्हटलं तर इमारतीत दंगल झाली असती. दुरुस्ती म्हटलं तर ठेकेदार दाखवावा लागला असता. मी बागकाम निवडलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय? दुसऱ्या दिवशी बागकाम उपसमितीच्या दोघी जणी पाहणीला आल्या आणि रेघेकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, रोपं कुठायत?" मंजुरी बागकामाची आहे, आठवड्यात रोपं दिसली नाहीत तर मंजुरी रद्द आणि वर लेखी खुलासा. मी मुकाट्याने रोपवाटिकेत गेलो. त्याच दिवशी संध्याकाळी रेघेवर ओळीने कुंड्या मांडल्या गेल्या. त्यांत काय लावलं होतं ते मला आजही ठाऊक नाही, पण त्याला रोज पाणी लागायचं आणि ते मी घालत होतो. थोडक्यात, भाचीचा फोटो काढायला निघालेला माणूस आता आवारात झारी घेऊन फिरत होता, आणि पोरं व तो यांच्यामध्ये त्याने स्वतःच्या हाताने कुंपण घातलं होतं.

अशा सगळ्या गडबडीत दात काही थांबला नव्हता. भिंगरीने सफरचंद खाणं सोडलं. बोलता बोलता तिची जीभ सारखी वर जाऊन चाचपायची. मला न दाखवताही मला सगळं दिसत होतं, आमच्या धंद्याचा शापच आहे तो. बहिणीचा निरोप आला, 'काढलास का रे फोटो?' मी लिहिलं, 'होतंय, होतंय.' असं मी दवाखान्यात भूल चढत नसली की म्हणतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "कॅमेऱ्याची कडी जरा हळू फिरते, म्हणून राहतंय. दुकानदाराला दाखवून आणतो."

ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, ती कॅमेऱ्याला नाही घाबरत. तुम्हाला घाबरते. आई-बाप लांब आहेत तिचे. ज्या घरात राहायचं त्या घरात रोज तोंड मिटून बसायचं, कसं वाटत असेल तिला?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दारं, कुंड्या, चॉकलेटं, सगळं मी केलं होतं, पण हा विचार काही माझ्या मनात आला नव्हता. पेशंट मला घाबरतात, त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही, थोडा अभिमानच वाटतो. पण बहिणीची पोर माझ्या घरात, माझ्याच ताटाशेजारी बसून, हसू दाबून जेवत होती. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना मी दात बघायचा लहान आरसा खिशात घालून आणला. आवारात गेलो, कुंड्यांना पाणी घातलं, कारण उपसमिती खिडकीत होती, आणि बाकावर जाऊन बसलो. कॅमेरा सवयीने गळ्यात होताच. पलीकडे पोरं खेळत होती. मी आरसा वर धरला आणि म्हणालो, "भिंगरे, मला जरा मदत हवी आहे. माझी दाढ दुखतेय. मला स्वतःचं तोंड आतून दिसत नाही. तू बघतेस का?"

खेळ थांबला. ती कुंड्यांपर्यंत आली. "मी?" ओठ मिटलेलेच.

"तूच. माझा स्वतःवर विश्वास नाही."

तिने खूप विचार केला. मग एक पाय कुंड्यांच्या अलीकडे टाकला, मग दुसरा, आणि हात लांब करून आरसा माझ्याकडून काढून घेतला. "आ कर," ती म्हणाली.

मी आ केला.

"मोठा आ. एवढासा काय करतोस? मान वर. जीभ मध्ये आणू नकोस."

हे सगळं माझंच होतं, शब्दसुद्धा माझेच. पलीकडची पोरं एकेक करून कुंड्या ओलांडून आली आणि माझ्याभोवती कोंडाळं झालं. माझ्या तोंडात डोकी घालून त्यांची चर्चा सुरू झाली. इथे काळं आहे. नाही, ती सावली आहे. हे चकचकीत काय आहे? मी 'फिलिंग' म्हणायचा प्रयत्न केला, तर भिंगरी म्हणाली, "बोलू नकोस, नाहीतर लागेल." वरच्या गॅलरीत मुख्याध्यापक, खालच्या दारात आकाशवाणी, तिसऱ्या मजल्यावर बँक मॅनेजर, सगळे बघत होते. इतकी वर्षं कमावलेली प्रतिष्ठा मी बाकावर आ वासून उघडी टाकली होती. मान दुखत होती ती वेगळीच.

आणि अचानक भिंगरी थबकली. तिने आरसा आणखी आत घातला, डोळे मोठे केले. "मामा, इथे दातच नाहीये."

खरं होतं. मागची एक दाढ मी कधीच काढून घेतलेली आहे. तिथे नवी बसवायला मला अजून वेळ झालेला नाही. पेशंटना मात्र मी आठवड्यात बसवून घ्या म्हणतो. आता काय लपवणार?

"कुणी काढला?" बँक मॅनेजरांच्या मुलाने विचारलं.

"दुसऱ्या डॉक्टरांनी," मी आरसा बाजूला सारून म्हणालो. "दुखत होता."

"तू रडलास?" भिंगरी.

"थोडा."

तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि मग जे काही झालं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मामाचा दात गायब आहे. मामा रडला होता." असं ओरडत ती कुंड्यांवरून उडी मारून सुटली. आवाराच्या टोकापर्यंत गेली, जिन्यात जाऊन वर ओरडली, तिथून फाटकाकडे, मागे सगळी पलटण. मुख्याध्यापकांना सांगितलं, आकाशवाणींना सांगितलं, म्हणजे पुढची सोय झालीच. इतक्या दिवसांचं कोंडलेलं हसू एकदम बाहेर पडत होतं. मी बाकावर बसून होतो. मला राग यायला हवा होता, तो येईना.

फाटकाशी ती एकदम थांबली. जीभ वर गेली. दोन बोटं तोंडात गेली. मग तळहाताकडे बघत उभी राहिली. मी उठणार होतो. माझ्या डोक्यात पहिला विचार रक्ताचा आला, दुसरा बहिणीचा. फोटो राहिला. दात गेला. मी तिला कबूल केलेलं एवढंसं काम मला जमलं नाही.

तेवढ्यात भिंगरी वळली आणि माझ्याच दिशेने पळत सुटली. वेण्या उडतायत, मूठ वर, आणि तोंड असं उघडं की आतलं सगळं मोजून घ्यावं. "मामा, मीच काढला. तुला मिळाला नाही. माझा मीच काढला." हसत होती, ओरडत होती, आणि कुंड्यांपाशी येऊन दात माझ्यासमोर धरून उभी राहिली. कुंड्या म्हणजे दोन मीटर, आणि कडी अजून तिथेच लावलेली होती. मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं. समोर एकच भिंगरी होती.

बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि तिच्याकडे धावताना मी चक्क कुंडीत पाय घातला. तो फोटो तुम्हाला दाखवायला हवा. डोक्याचा वरचा भाग थोडा कापला गेलाय. मुख्याध्यापकांनी ते लगेच दाखवून दिलं. तो माझ्या शैलीचा भाग आहे. पण बाकी सगळं लख्ख. बोटांत धरलेला इवलासा दात, त्याच्या मागे ती खिडकीसारखी रिकामी जागा, ओठाला रक्ताचा एक ठिपका, आणि डोळ्यांत असा विजय की जणू तिने मला चारी मुंड्या चीत केलंय. केलंच होतं. मी तिला मांडीवर घेतलं, "आ कर" म्हणालो, आणि तिने मुकाट्याने आ केला. कापूस लावला. सगळं ठीक होतं.

घरी येऊन बाल्कनीतून फोटो बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'माफ कर, सगळे दात असताना नाही जमलं. अगदी थोडक्यात हुकलं.'

फोन लगेच आला. व्हिडिओचा. लागला, अडकला, पुन्हा लागला. बहीण हेल्मेट घालून कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत उभी होती.  नाकाने जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला.

"रागावलीस का?" मी विचारलं.

"दादा, वेडा आहेस का तू?" तिचा आवाज धड फुटत नव्हता. "पहिला दात आहे रे तिचा. मी धरूनच चालले होते की तो पडलेला मला दिसणार नाही. कुणीतरी नुसतं सांगेल, पडला म्हणून."

 इतक्यात भिंगरीने फोन माझ्या हातातून ओढला आणि तोंड वासून पार पडद्याला चिकटवलं. "आई, हे बघ. आई, दिसतंय का? इथे. आता बघ."

पलीकडचं चित्र गोठलं होतं. पण आवाज येत होता.

"भिंगरे, चित्र अडकलंय गं," बहीण म्हणाली. "राहू दे. तू नुसती बोलत राहा. मी फोटोकडे बघत ऐकते."

भिंगरी बाल्कनीच्या कट्ट्यावर टेकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. तिच्या सांगण्यात मी सुरुवातीपासूनच रडत होतो, कुंड्या उंचीने माझ्याएवढ्या होत्या आणि दाढा तर माझ्या तोंडात जवळजवळ नव्हत्याच. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. बायकोने माझ्या दंडावर हात ठेवला. मी मिटलं.